उत्तर: ‘चार म्हाताऱ्यांचे अंगठे लागत नाहीत म्हणून पुन्हा वहीवर जायचं का?’

नमस्कार. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवरच्या, म्हणजे अंगठ्याचा ठसा आधारशी जुळला की धान्य देण्याची नोंद करणाऱ्या यंत्रावरच्या लेखाखाली तुम्ही हा प्रश्न विचारलात. मशीनमुळे दुकानदाराची चोरी थांबली, असंही लिहिलंत.

हाताने नोंद करायची जुनी वही परत आणा, असं माझं म्हणणं नाही. खोट्या नावांवर धान्य उचलणं मशीनमुळे अवघड झालं, हे खरंच. पण मापातली चोरी अंगठ्याने थांबत नाही. 20 किलोवर अंगठा घेऊन 18 किलो दिले, तर मशीनला ते कळायचं कसं? त्यासाठी वजनकाटा पॉसला जोडलेला हवा, म्हणजे काट्यावर भरलेलं वजनच पावतीवर येतं.

आता ‘चार म्हाताऱ्यां’बद्दल. अंगठा कुणाचा लागत नाही? सिमेंट-चुन्यात हात घालणाऱ्या गवंड्याचा, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा, ऊसतोड कामगाराचा. कातडी झिजली की बोटावरच्या रेषा पुसट होतात. वयाने तर होतातच. बीडचं कुटुंब तोडणीला कोल्हापूरकडे गेलं, तर त्याच कार्डावर तिथे धान्य उचलता येतं. ही मोठी सोय आहे, पण तीही याच बोटावर अडते. ज्यांना रेशनची गरज सर्वांत जास्त, नेमके तेच गळतात, म्हणून मी त्यांना किरकोळ अपवाद मानत नाही.

‘थंब लागत नाही’ म्हणून परत पाठवण्याआधी मशीनवरचा कोड वाचायला हवा. 300 म्हणजे ठसा जुळला नाही. काच कोरड्या मऊ कापडाने पुसा, हात पुसून घ्या, फार दाबू नका, दुसरी बोटं लावून बघा. कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा अंगठाही चालतो. 330 आला तर बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं. ते आधारच्या अ‍ॅपवरून उघडावं लागतं, बोटं कितीही घासली तरी उपयोग नाही. 811 म्हणजे आधारकडे त्या माणसाचे ठसेच नाहीत, तेव्हा आधार केंद्र गाठायला हवं. आणि नुसती रेंज गेली असेल, तर त्यात कार्डधारकाचा काय दोष?

हे सगळं करूनही जमलं नाही तर डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन, मोबाइलवरचा ओटीपी किंवा नॉमिनी, म्हणजे कार्डधारकाच्या वतीने धान्य न्यायला नेमलेला माणूस. तेही नसेल तर ओळख पटवून, रजिस्टरमध्ये नोंद करून धान्य द्यायचं. केवळ आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असे केंद्र सरकारचे निर्देश 24 ऑक्टोबर 2017 पासून आहेत. कित्येक दुकानांत हे रजिस्टर उघडलंच जात नाही, कारण उघडलं की पुरवठा निरीक्षक आधी दुकानदारावरच संशय घेतो. दुकानदाराची ही अडचण खरी आहे, तीही सोडवायला हवी.

माझी मागणी एवढीच: नकार दिला की मशीनमधून तारीख आणि कोड छापलेली पावती निघावी. तीनदा बोट लावून रिकाम्या पिशवीने परत गेलेली बाई आणि त्या महिन्यात दुकानात आलाच नाही असा माणूस, विक्रीच्या हिशोबात दोघंही सारखेच दिसतात. हे बदललं पाहिजे. तोवर तुमच्या ओळखीत कुणाला परत पाठवलं, तर कोड आणि तारीख लिहून ठेवा आणि 1967 वर तक्रार नोंदवा.