समुद्री बॅक्टेरिया आले म्हणून अँटिबायोटिक बंद? त्या मेसेजबद्दल थोडं

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे समुद्रातल्या बॅक्टेरियात असं रसायन सापडलंय जे कुठल्याही रेझिस्टंट (औषधाला दाद न देणाऱ्या) जंतूचा बायोफिल्म, म्हणजे जंतू स्वतःभोवती बनवतात तो चिकट थर, विरघळवतं, त्याला रेझिस्टन्स येऊच शकत नाही, आता अँटिबायोटिक लागणार नाही, आणि औषध बाजारात येईपर्यंत जखम समुद्राच्या पाण्याने धुवा. हे संशोधन मला मनापासून आवडतं, म्हणूनच वाचून जास्त राग आला.

पहिलं, "कुठल्याही जंतूचा". समुद्री शेवाळावरच्या बॅसिलस लायकेनिफॉर्मिसमधून न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या टीमने न्यूक-बी नावाचं एन्झाइम मिळवलं, 2010 मध्ये पेपर आला. बायोफिल्मच्या चिकट थरात पेशींबाहेरचा डीएनए असतो, तो थराला धरून ठेवतो, हे एन्झाइम तोच कापतं आणि थर सुटतो. खरंच भारी काम आहे! पण प्रत्येक जंतूच्या थरात साखर, प्रोटीन, डीएनए यांचं प्रमाण वेगळं असतं. शिवाय थर किती जुना हेही महत्त्वाचं. डीएनए कापणारं एन्झाइम स्यूडोमोनास या जंतूचा कोवळा थर मोडतं पण जुन्या थरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, हे 2002 मध्येच दिसलं होतं.

आणि बातम्यांमधले "इतके टक्के बायोफिल्म कमी" वाले आकडे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या प्लेटमधले असतात, क्रिस्टल व्हायोलेट रंग देऊन मोजलेले, आणि हा रंग जिवंत-मेलेल्या दोन्ही पेशींना लागतो, थरालाही लागतो, म्हणजे किती जंतू मेले हे त्यावरून कळतच नाही.

"अँटिबायोटिक लागणार नाही" हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. थर मोडला म्हणजे जंतू मेला असं नाही, तो मोकळा झाला. उंदरांच्या जखमांवर थर तोडणारी एन्झाइम्स अँटिबायोटिकशिवाय वापरली तेव्हा सुटलेले जंतू रक्तात गेले आणि सेप्सिस (अंगभर पसरलेला जीवघेणा संसर्ग) झाला, अँटिबायोटिक सोबत दिल्यावर ते टळलं. या एन्झाइम्सची खरी ताकद अँटिबायोटिकच्या जोडीनेच आहे, थरात लपलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचवायची.

"रेझिस्टन्स येऊच शकत नाही" हेही चूक. जंतूंचं आपसातलं सिग्नलिंग बंद करणारं ब्रोमिनवालं फ्युरॅनोन, ज्याची कल्पना लाल समुद्री शेवाळावरून आली, त्यालाही स्यूडोमोनासचे म्युटंट (जनुकं बदललेले जंतू) पुरून उरले, पेशीतल्या पंपाने ते फ्युरॅनोन सरळ बाहेर फेकतात. रेझिस्टन्स यायला लावणारा दाब कमी असेल पण शून्य नाही.

औषध लवकर येईल म्हणणाऱ्यांनी सॅलिनोस्पोरामाइड बघावं. समुद्री ॲक्टिनोमायसीटमधलं (हेही बॅक्टेरियाच), 2003 मध्ये जाहीर झालेलं, कॅन्सरसाठीचं रसायन. मेंदूच्या ट्यूमरवर मोठ्या ट्रायलपर्यंत गेलं आणि तिथे फायदा दिसला नाही.

राहिलं समुद्राचं पाणी. कृपा करून उघड्या जखमेवर घेऊ नका. त्यात ते रसायन उपयोगी पडेल एवढं नसतं, पण कोमट किनारी पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असू शकतो, जखमेतून शिरला तर काही तासांत मांस सडवतो, लिव्हरचा आजार असलेल्यांचा जीवही जातो. न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा, थर खरवडून मृत भाग काढणं आणि गरज असेल तर योग्य अँटिबायोटिक हाच आजचा इलाज आहे.