नक्कल कुणी कुणाची केली? स्किनी पपीच्या दुसऱ्या अल्बमबद्दलच्या थापा

इंडस्ट्रियल संगीताचा, म्हणजे यंत्रांच्या गोंगाटातून घडवलेल्या संगीताचा विषय निघाला की ठरावीक मजकूर हमखास फिरू लागतो. कॅनडाचा स्किनी पपी हा बँड म्हणजे अमेरिकेतल्या नाइन इंच नेल्स या बँडची स्वस्तातली नक्कल. त्यांचा दुसरा अल्बम ‘माइंड: द पर्पेच्युअल इंटरकोर्स’ म्हणजे बटण दाबून काढलेला गोंगाट. बँडमधला बिल लीब सोडून गेल्यावर त्यात दम उरला नव्हता. अल्बमचा निर्माता गायकाचाच भाऊ, म्हणजे सगळा घरचा मामला. वर पुन्हा, ही मंडळी स्टेजवर कुत्री मारतात! एका दमात पाच थापा.

आधी नकलेचं बघू. हा अल्बम आला १९८६ मध्ये. ट्रेंट रेझ्नरने क्लीव्हलँडमध्ये नाइन इंच नेल्स सुरू केला १९८८ मध्ये आणि त्याचा पहिला अल्बम आला १९८९ मध्ये. म्हणजे बाप मुलावर गेला म्हणण्यातला प्रकार. शिवाय रेझ्नरने हे कधी लपवलेलं नाही. आपलं ‘डाउन इन इट’ हे गाणं स्किनी पपीच्या ‘डिग इट’वरून उचललं, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. ‘डिग इट’ याच दुसऱ्या अल्बमवर आहे. दोन्ही गाणी लागोपाठ लावा. तोच जड ठोका, आणि त्यावर गाण्यापेक्षा बोलण्याकडे झुकणारा आवाज. फरक एवढाच, की रेझ्नरचा शब्द न् शब्द कळतो. स्किनी पपीचा गायक ओगर, त्याचा आवाज इतक्या यंत्रांतून पिळून काढलाय की निम्मे शब्द अंदाजाने लावावे लागतात. मला तो अंदाजच आवडतो, पण ती माझी आवड झाली. १९८८ मध्ये स्किनी पपीच्या काही कार्यक्रमांत आधी वाजवायला कोण होतं? नाइन इंच नेल्स.

आता ‘बटण दाबलं की झालं’ हा आरोप. तो करणाऱ्याने त्या काळचा सँपलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हव्या त्या पट्टीत वाजवणारं यंत्र, पाहिलेला नसावा. तेव्हा बऱ्याच बँडना परवडणारा म्हणून नाव घेतलं जायचं ते एन्सॉनिक मिराजचं. आठ बिटचं यंत्र, आवाज साठवायला जागा १२८ किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक फोटोही तेवढ्यात मावत नाही. बऱ्या दर्जाचा आवाज हवा असेल तर हातात जेमतेम काही सेकंद. त्यामुळे कुठला तुकडा घ्यायचा, कुठे कापायचा, किती खालच्या पट्टीत वाजवायचा, हे सगळं माणसालाच ठरवावं लागायचं आणि त्याला कान लागायचा. तो कान या अल्बमपासून बँडला मिळाला. एडमंटनकडचा ड्वेन गेटल इथेच बँडमध्ये आला. पियानोचं शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला आणि यंत्रांतही तितकाच मुरलेला. आधीच्या ‘बाइट्स’ या अल्बममध्ये (१९८५) सिंथेसायझरचे थर सुटे सुटे ऐकू येतात. इथे ते एकमेकांत घुसतात, घासतात. गोंगाट आहेच, नाही कुठे म्हणतोय? पण तो रचलेला आहे.

लीबचं उत्तर यातच आलं. तो गेला आणि त्याने फ्रंट लाइन असेंब्ली काढला, तेही चांगलंच झालं, रसिकांना एकाच्या जागी दोन बँड मिळाले. पण त्याच्या जाण्याने इथे खड्डा पडला असता तर बँडचा संस्थापक ‘केविन की’, ओगर आणि गेटल हेच त्रिकूट पुढे जवळजवळ दशकभर टिकलं नसतं. १९९५ मध्ये गेटल वारला तेव्हा खरा खड्डा पडला.

भावाची गोष्ट दोन ओळींची. ओगरचं खरं नाव केविन ओगिल्वी, निर्माता डेव्ह ओगिल्वी. आडनाव एक, नातं काहीही नाही. आपल्याकडे सगळे कुलकर्णी एकमेकांचे भाऊ असतात का?

राहता राहिली कुत्री. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत कार्यक्रमात ओगर एका कुत्र्यावर शस्त्रक्रिया केल्याचा देखावा करत होता. कुणाला तरी ते खरं वाटलं, पोलिसांना बोलावण्यात आलं आणि बँडमधल्या लोकांना अटकही झाली. कुत्रा खोटा होता, भुसा भरलेला. आणि तो देखावा होता कशाबद्दल, तर प्रयोगशाळांत जिवंत प्राण्यांची चिरफाड होते तिच्या विरोधात. त्याच वर्षीच्या त्यांच्या अल्बमचा विषयही तोच. म्हणजे प्राण्यांची बाजू घेणाऱ्यांनाच प्राणी मारणारे म्हणून पुढे पाठवलं जातंय, आणि पाठवणाऱ्याने त्यांचं एक गाणंही धड ऐकलेलं नसतं.