चार मीटर आणि वर सव्वीस सेंटिमीटर

नवरात्रात मी घरच्या ग्रुपवर माझ्या गाडीचा एक फोटो टाकला. डिकी उघडी, मागची सीटं पाडलेली, आत इथल्या, जर्मनीतल्या, बाउमार्क्टमधून (घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून) आणलेल्या फळ्या आणि एक अख्खं कपाट खोक्यासकट आडवं, आणि मागचं दार व्यवस्थित लागेल एवढी जागा शिल्लक. फोटो मिरवायला टाकला नव्हता. पुतण्याला गाडी घ्यायची होती, त्यानं आपणहून सल्ला विचारला होता, त्याला दाखवायला टाकला. परभणीहून बाळूदादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, पुतण्याच्या वडिलांचं, उत्तर आलं: "ही गाडी आहे का शववाहिका?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका मावसभावानं भर घातली: "जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतेत. हा तिकडं बसून दोन्हीची घालवायलाय."

तो एक शब्द महिनाभर डोक्यातून गेला नाही. शववाहिका. लांब, बुटकी, मागून सपाट गाडी दिसली की आपल्याकडं हाच शब्द का सुचतो? ज्या गाडीत चार माणसं आणि त्यांचं सगळं सामान एकत्र जातं, तिला आपण मेलेल्या माणसाची गाडी म्हणतो.

पुतण्याचं गणित सरळ होतं. नोकरी चाकणला, जवळ साठवलेले सहा लाख, महिन्यातून एकदा परभणीला येणं. येताना रिकामं, जाताना आईनं बांधून दिलेलं ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, शेंगदाणे, लोणच्याच्या बरण्या. मी सांगितलं, कर्ज काढू नकोस. आपल्याकडं आता वापरलेली छोटी स्टेशन वॅगन, म्हणजे माझ्या गाडीसारखी मागून लांब गाडी, मिळत नाही, पण तिच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे नीट वापरलेली एर्टिगा. मागची तिसरी रांग पाडली की साडेपाचशे लिटरची डिकी होते. त्याला हवी होती सनरूफची नवी छोटी एसयूव्ही, साडेबारा लाखांची. सहा लाख रोख आणि साडेसहा लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता महिन्याला साधारण 10,600 बसतो आणि नुसतं व्याजच 2 लाख 40 हजारांच्या आसपास जातं. हे सगळं मी त्याला कागदावर मांडून पाठवलं. त्या प्रकारातल्या ब्रेझाची डिकी 328 लिटरची आहे, हेही लिहिलं. सनरूफमधून ज्वारीचं पोतं आत जात नाही.

माझी गाडी 2016 ची स्कोडाची फॅबिया कॉम्बी. कॉम्बी म्हणजे स्टेशन वॅगन. 2021 च्या फेब्रुवारीत घेतली, 8,400 युरोला, केम्निट्सजवळच्या एका खेड्यातल्या निवृत्त गृहस्थांकडून. फोनवर मी एकच अट घातली होती, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवला. थंडगार होतं, म्हणजे आधी गरम करून आवाज लपवलेला नव्हता. मग इंजिन सुरू करून कान दिला. ब्रेक डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं, धार लागली नाही. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते चारही टायरांचे वाचले, मग गॅरेजमध्ये रचून ठेवलेल्या विंटर टायरांचेही वाचले. मागं ट्रेलरचा हुक नव्हता, म्हणजे क्लचनं जादा ओढाताण सोसलेली नव्हती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मला नकोच होता, हा साधा मॅन्युअल होता. शेवटी डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला. असल्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या रबरातून पाणी झिरपतं आणि तिथं साचतं. विकणारा ते वरवर पुसू शकतो, पण खड्ड्यातला वास जात नाही. हात कोरडा निघाला, बोटांना फक्त कुत्र्याचे दोन केस चिकटले होते. आजोबांनी एक फाइल पुढं केली. बदललेल्या बल्बचीसुद्धा पावती तिच्यात होती. ट्यूफ, म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी, नुकतीच झालेली. मी घासाघीस केली नाही.

हे सगळं मी जर्मनीत शिकलो असं ग्रुपवर सगळ्यांना वाटतं. मी ते माळेगावच्या यात्रेत शिकलो. बाबांबरोबर खंडोबाच्या त्या बाजारात दोनदा गेलो होतो. लाल कंधारी बैलांची दावण लागलेली, आणि बाबा एकेका बैलाचा ओठ वर करून दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खुरं. मग मानेवरचं घट्टं. मग हेड्याला, म्हणजे बैलांच्या दलालाला, म्हणायचे, चालवून दाखव, आणि बैल चालताना तोंडाकडं न बघता मागच्या पायांकडं बघत राहायचे. हेड्यानं शिंगं रंगवलेली, झूल घातलेली, गोंडे लावलेले, त्यातलं काहीही त्यांच्या डोळ्यात शिरायचं नाही. वापरलेला बैल घेतला म्हणून बाबांना कुणी हसल्याचं मला आठवत नाही. उलट कामाला लागलेला, जू ओळखणारा बैल आणला की शेजारी बघायला यायचे. टायरचे आकडे वाचताना मला त्या दावणीचा वास आला होता, हे मी इथं कुणाला सांगणार आणि कोणत्या भाषेत?

म्हणून मला राग येतो. पिढ्यान्‌पिढ्या पारखून वापरलेलं घेणारी माणसं आम्ही. सेकंड हँड म्हटलं की मान खाली घालायला आम्हाला कधी शिकवलं?

थोडं सरकारनं शिकवलं, हे मी ठामपणे म्हणतो. आपल्याकडं वॅगन नव्हत्या असं नाही. 1992 मध्ये टाटा इस्टेट आली. पुढं मारुतीची बलेनो अल्टुरा, 2004 मध्ये इंडिगो मरीना. आमच्या मराठवाड्यात शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळायला लागली, आणि तिची कॉम्बीही भारतात विकायला होती. (वॅगनआर ही वॅगन नव्हे, ती उंच हॅचबॅक. नावावर जाऊ नका.) मग 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं, आणि छोटी कोणती, तर चार मीटरच्या आतली, पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. त्या एका रेषेनं गाड्यांचे आकार बदलले. कंपन्यांनी शेपट्या छाटल्या आणि वाचवलेली हौस उंचीत भरली, कारण चार मीटरच्या आत उंचीवर जादा कर नाही. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाही ती रेष तिथंच राहिली: आत 18 टक्के, बाहेर 40. माझ्या फॅबियाचं इंजिन 1197 सीसीचं, सगळ्या हिशेबानं छोटी गाडी. पण लांबी चार मीटर सव्वीस सेंटिमीटर. तेवढ्या सव्वीस सेंटिमीटरसाठी तिची गणती बड्या लोकांच्या गाड्यांत झाली असती. आणि ते सव्वीस सेंटिमीटर म्हणजेच डिकी.

बाकीचं आम्ही आपसूक शिकलो. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हा मी तिथंच इंजिनिअरिंगला होतो. आम्ही पोरं त्या रांगा बघायला गेलो होतो. छाती फुगली होती, खोटं का सांगू. मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारल्यासारखं वाटलं होतं. आज मला त्या रांगेपेक्षा माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींची गोष्ट मोठी वाटते. जुन्या पूर्व जर्मनीत नाव नोंदवून दहा वर्षांहून जास्त काळ वाट बघितल्यावर त्यांना ट्राबांट गाडी मिळाली, शेजारच्या झ्विकाऊमध्ये बनलेली, आणि त्यांनी मुद्दाम मागून लांब असलेली उनिव्हर्साल मागितली होती. बटाटे आणि दोन मुलं, असं त्या सांगतात. इथंही आता रस्ताभर एसयूव्ही झाल्यात. नव्या फॅबियाला कॉम्बी येत नाही, फोर्डची फोकसही संपली. पण शनिवारी वर्टश्टॉफहोफच्या, म्हणजे घरातलं जुनं सामान नेऊन टाकायच्या केंद्राच्या, रांगेत उभं राहिलं की अजून माझ्या गाडीसारख्याच गाड्या पुढं-मागं असतात, आणि कुणी कुणाकडं बघत नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. चाळीस मिनिटं मीच बोललो असेन. त्यानं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "झालं? आता माझं ऐक. तू जुनी गाडी घेतलीस की लोक म्हणतेत, बघा, जर्मनीत राहून किती साधा. माझ्या पोरानं घेतली की म्हणतेत, बापाला जमलं नाही. पुढच्या साली त्याचं लग्न करायचंय. पाहुणे दारात काय उभंय ते बघूनच आत येतेत."

मी म्हणालो, हाच तर रोग आहे. तो म्हणाला, "रोग तुला तिकडून दिसायला. आम्हाला इथं राहायचंय." आणि मग, बहुधा त्याला सांगायचं नसताना, तोंडातून गेलं: "सप्टेंबरात काकूला दवाखान्यात कुणी नेलं, ते इचार की एकदा."

मला माहीतच नव्हतं. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस पडला त्याचे व्हिडिओ मी इथं बसून बघत होतो, पुढं पाठवत होतो, सरकारला शिव्या देत होतो. त्याच आठवड्यात आईला गावात ताप चढला होता, तीन दिवस उतरला नव्हता. ओढ्याला पाणी होतं, डांबरी रस्ता बंद. दादा त्याची बोलेरो घेऊन पाणंदीनं गेला. तीही जुनीच आहे, जिंतूरच्या एका गुत्तेदाराकडून घेतलेली, पत्र्याला दोन ठिकाणी गंज. आमच्याकडची काळी माती पावसात चाकाला धरते ती सोडत नाही, चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा भरून टाकते. दोनदा उतरून त्यानं काठीनं चिखल काढला. मागच्या सीटवर आई, तिचं डोकं वहिनीच्या मांडीवर. माझी फॅबिया त्या पाणंदीत पहिल्या शंभर फुटांत पोटावर बसली असती. हे मला कुणी सांगायची गरज नाही, ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा मला पाठ आहे.

आईला विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, "तू काय करणार होतास रे तिथून? उगं जिवाला घोर." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. चार दिवस सलाइन लागलं होतं, आणि त्या चार दिवसांत आम्ही एकदा व्हिडिओ कॉलवर बोललोही होतो. तिनं कॅमेरा छताकडं धरला होता. मी म्हणालो होतो, आई, फोन सरळ धर.

त्यानंतर मी ग्रुपवर गाडीबद्दल काही लिहिलं नाही. माझं म्हणणं बदललेलं नाही. सहा लाखांत चालणारं काम साडेबारा लाखांत करू नये, गाडी ओझं बघून घ्यावी, दारातून बघणाऱ्यांचे डोळे बघून घेऊ नये. यातला एक शब्दही मी मागं घेत नाही. पण इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या शब्दाला घरात वजन आहे म्हणून मला विचारतात. आता वाटतं, मला गाड्यांबद्दल विचारतात, कारण त्यात माझं काही अडत नाही. ज्यात अडतं ते मला सांगत नाहीत.

धनत्रयोदशीला ग्रुप शांत होता. नुसते दिवे, आकाशकंदील, चकल्यांचे फोटो. रात्री मावसभावाचं स्टेटस बघितलं तर पुतण्याची नवी गाडी, झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. पुतण्याला मेसेज केला, अरे, ग्रुपवर का नाही टाकलास? बराच वेळ तो टाइप करत होता. मग आलं: "काका, तुम्हाला आवडणार नाही म्हणून टाकला नाही."

मी म्हणालो, पाठव की आता. त्यानं चार फोटो पाठवले. एकात आई पुढच्या सीटवर, मांडीवर पेढ्यांचा पुडा, सनरूफ उघडं, आणि ती मान वर करून आकाशाकडं बघतेय. महिन्याभरापूर्वी तिला काठीनं चिखल काढत काढत नेलं होतं, हे त्या फोटोवरून कुणाला कळणार नाही. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघत होतो.

मग त्याला लिहिलं, टायरच्या कडेवर चार आकडे असतील, बघून सांग. तो खाली गेला असणार, बॅटरी लावून वाकला असणार. पाच मिनिटांनी आलं: "3425. चारही टायरवर तेच आहे. काका, ठीक आहे ना?"

ऑगस्टचा तिसरा आठवडा. मी लिहिलं, एकदम नवे आहेत. हवा नीट ठेव.