यंदाच्या श्रावणसहलीला डबा नको

गेली अकरा वर्षं आमच्या महिला मंडळाची पावसाळी सहल मी ठरवते. इंदूरच्या लोकमान्य नगरातून सकाळी साडेसहाला बस निघते, महूच्या पुढे घाटात पाणी पडताना बघायचं, दुपारी झाडाखाली जेवायचं, चारला परत. पाताळपाणी, कालाकुंड, चोरल, जाम दरवाजा, जानापाव, आलटून पालटून हीच ठिकाणं. इंदुरातल्या बहुतेक मराठी मंडळांची सहल अशीच असते, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

दोन वर्षांपूर्वी सहलीचा हिशेब लिहिताना सहज एक वेगळा रकाना आखला: ज्या गावात आपण दिवस काढला, त्या गावाच्या हातात किती पैसे पडले? बस इंदूरची, पुरी-भाजी इंदूरच्या केटररची, शेव आणि जिलबी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली. पाण्याचे जारसुद्धा इंदूरहून नेलेले. आम्ही त्रेचाळीस जणी होतो. गावात गेले ते भाजलेल्या भुट्ट्यांचे आणि दोन वेळच्या चहाचे, सहाशे रुपयांच्या आतबाहेर. आणि गावात राहिल्या त्या आमच्या पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले आणि बसनं चिखलात उमटवलेली चाकोरी.

तो रकाना बघून मला झोप आली नाही.

पर्यटनानं गावाचं भलं होतं असं आपण सारखं ऐकतो. पण नुसतं लोक आल्यानं गावाचं काहीच होत नाही. गावकऱ्यांनी आपसात काही ठरवलेलं असेल, आणि येणाऱ्यांनी ते मानायचं ठरवलं असेल, तरच तो पैसा गावात थांबतो.

कालाकुंडचंच बघा. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर, आणि त्यातून १८७० च्या दशकात खंडवा ते इंदूर ही रेल्वे उभी राहिली. माळव्याचं पठार उतरून निमाडात जाणारा तो घाट. वर चढताना गाडीला मागून जोड-इंजिन लागायचं, ते कालाकुंडला. तेवढा वेळ गाडी थांबायची आणि तेवढ्या वेळात पळसाच्या पानाच्या द्रोणातला कलाकंद खिडकीखिडकीतून विकला जायचा. या डोंगरातल्या घरांकडे गाई-म्हशी होत्या, पण दूध रोज शहरात पोचवायची सोय नव्हती. म्हणून दूध आटवलं. चार-पाच लिटर दूध तासन्‌तास ढवळावं तेव्हा जेमतेम किलोभर माल हाती येतो. खंडव्याच्या आत्याकडे जाताना आईनं घेतलेला तो द्रोण मला अजून आठवतो, पानाचा वास कलाकंदाला लागलेला असायचा.

२०२३ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी या मार्गावरची नेहमीची पॅसेंजर बंद झाली. आता पाताळपाणी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा हेरिटेज गाडीसाठी राखला आहे. ही गाडी २०१८ च्या २५ डिसेंबरला पहिल्यांदा धावली. चार बोगदे, खाली चोरल नदी, पावसाळ्यात दोन्ही अंगांनी ओहोळ. सुंदरच आहे. पण पूर्वी रोज येणारं गिऱ्हाईक आता गाडी चालू असेल त्या दिवसांत, बहुतेक शनिवार-रविवारी, एकदम झुंबड करून येतं आणि बाकीचे दिवस फलाट रिकामा. म्हैस मात्र सातही दिवस दूध देते. अशा वेळी त्या घरांनी एकमेकांशी भाव पाडायची स्पर्धा केली तर सगळेच बुडतील. एक भाव, एक माप ठरवलं, जास्तीचं दूध कुणी घ्यायचं हे ठरवलं, तर सगळे टिकतील. हे मी शहरात बसून शिकवत नाही, मला फलाटावरच्या एका आजीनं समजावलं आहे.

आता वेळासची गोष्ट. मागच्या वर्षी मार्चमध्ये भाचीकडे चिपळूणला गेले होते, तिथून ती मला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घेऊन गेली. नाना फडणविसांचं मूळ गाव. समुद्रकिनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक उकरून नेत, खात, विकत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि पुढे गावानंच ते काम आपलंसं केलं. अंडी कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यांत हलवायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची, आणि बघायला येणाऱ्यांना आपल्या घरात उतरवून घ्यायचं. मोठं हॉटेल नाही. आम्ही ज्या घरी राहिलो तिथे माजघरात गाद्या घातल्या होत्या आणि जेवायला आमटी-भात, सोलकढी. किनाऱ्यावर जाताना मोबाइलचा दिवा लावू नका हे सांगायला गावातलाच मुलगा होता आणि त्याचं सगळे ऐकत होते. ऐकत होते, कारण सांगणारा एकटा नव्हता, अख्खं गाव त्याच्यामागे उभं होतं.

परतीच्या प्रवासात मी भाचीला म्हटलं, आपल्या घाटात कासवं नाहीत, पण धबधबे आहेत, कलाकंद आहे, सीताफळं आहेत, इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल वीराचं, टंट्या मामांचं देऊळ आहे, जिथे गाड्या त्यांच्या सन्मानार्थ क्षणभर थांबत आल्या आहेत. काय कमी आहे?

इंदूरला येऊन लगेच कामाला लागले आणि पहिल्याच फेरीत चूक केली. ती सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्या चुकीतून शिकले.

घाटाखालच्या एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) माझ्या ओळखीचं एक घर होतं. त्यांना सांगितलं, चाळीस जणींचं जेवण करा, ताटाला दीडशे रुपये. त्या घरच्या सुनेनं आणि सासूनं पहाटे तीनपासून राबून ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी (निमाडात अमाडी म्हणतात), उडदाची डाळ, लसणाची चटणी असं जेवण घातलं की आमच्या बायका बोटं चाटत उठल्या. सहा हजार रुपये एका दिवसात एका घरात गेले. मला वाटलं, झालं काम!

पंधरा दिवसांनी मी एकटीच परत गेले तर त्या घराशी शेजारचं घर बोलेनासं झालेलं. हातपंप शेजाऱ्यांच्या अंगणात होता, तिथून पाणी भरू देईनात. त्या दिवशी आम्ही ज्यांच्या शेताच्या बांधावरून धबधब्याकडे गेलो होतो त्यांची सोयाबीनची एक ओळ तुडवली गेली होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ती सून मला म्हणाली, "जीजी, तम तो चल्या जावगा, हमके तो यांज रेणो हे." आपण निघून जातो, राहायचं त्यांना असतं. त्या वाक्यापुढे माझ्याकडे शब्द नव्हते.

मग आम्ही गावातल्याच बायकांच्या बचत गटाबरोबर बसलो. एकदा नाही, चार वेळा. आम्ही कमी बोललो, त्या भांडल्या जास्त, आणि ते भांडण होणं फार गरजेचं होतं. शेवटी त्यांनी ठरवलं ते असं: जेवण एका घरात होणार नाही. भाकऱ्या चार घरांत वाटून, डाळ पाचव्या घरात, ताक ज्यांच्याकडे म्हशी आहेत त्यांच्याकडून. पुढच्या वेळी पाळी पुढच्या पाच घरांची. ताट एकशे साठचं, त्यातले वीस रुपये गटाच्या डब्यात, त्यातून शेताच्या वाटेची भरपाई आणि आल्यागेल्यासाठी न्हाणीघराची दुरुस्ती. (हा न्हाणीघराचा विषय कुणी बोलत नाही. चाळीस बायका दिवसभर बाहेर असतात आणि पुरुष आयोजकांच्या यादीत हा मुद्दाच नसतो.) दोन तरुण मुलं वाटाडे म्हणून, त्यांची रोजंदारी वेगळी. पैसे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, गटाच्या अध्यक्षांकडे द्यायचे आणि तिथल्या तिथे वहीत सही.

तेव्हापासून आम्ही तीनदा गेलो. गावात अजूनही कुरबुरी आहेत, कुणाची भाकरी जाड, कुणाची पाळी पावसात बुडाली. पण हातपंपावर पाणी सगळे भरतात.

वाटाड्या मुलांबद्दल थोडं जास्त बोलते. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि धारेत उभे असलेले लोक वाहून गेले. ते दृश्य सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. वर आभाळ मोकळं असलं तरी मागे डोंगरात पाऊस झाला की पाणी कसं चढतं, गढूळ व्हायला लागलं की किती मिनिटांत बाहेर पडायचं, हे तिथल्या पोरांना कळतं. आपण रेलिंगवर लिहिलेली पाटी वाचत नाही, पण "ताई, आता वर चला" असं म्हणणारा मुलगा समोर उभा असेल तर ऐकतो. त्या मुलाला दिवसाचे पाचशे रुपये द्यायला आपल्याला जड का व्हावं? सेल्फीसाठी तो जागा दाखवतो म्हणून नाही, तो आपला जीव राखतो म्हणून द्यायचे.

आमच्या मंडळातही सगळं गोड झालं नाही. दोघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, स्वयंपाक कोण करणार, म्हणजे कोणत्या घरचे. प्रश्नाचा अर्थ मला कळला. आपली बस महूवरून जाते. बाबासाहेबांचा जन्म जिथे झाला त्या गावावरून जाऊन हा प्रश्न विचारायचा, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते: जे गाव आपल्याला जेवू घालतंय त्याच्या पंक्तीला बसायचं नसेल तर सहलीला येऊ नका. एक आली नाही. दुसरी आली, आणि आता तीच अंबाडीच्या भाजीची कृती मागत असते.

स्वच्छतेचा मुद्दा पुष्कळ जण काढतात. तिथे नीट नसतं, आपल्याला सवय नाही वगैरे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर वर्षानुवर्षं पहिलं आलं, ओला कचरा सुक्याच्या निळ्या डब्यात टाकणाऱ्याला आपली शाळेतली मुलं टोकतात. तेच आपण चोरलच्या काठावर पोचलो की हात मोकळे सोडतो. त्या गावाकडे कचरागाडी नाही. आपण टाकलेलं प्लॅस्टिक म्हशीच्या पोटात जातं, आणि त्याच म्हशीच्या दुधाचा कलाकंद आपण घेतो. आम्ही आता प्रत्येकीनं घरून स्टीलचं ताट-पेला न्यायचा नियम केला आहे. बसच्या डिकीत पिशव्या ठेवतो, सगळा कचरा इंदूरला परत येतो.

कुणी म्हणेल, चाळीस बायकांच्या सहलीनं काय होणार. महेश्वर आठवा. अहिल्याबाईंनी विणकर वसवले, त्यांच्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं तो हातमाग कसाबसा जगला आणि मग फारच क्षीण झाला. १९७८ मध्ये होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी सुरू केली, विणकर बायका एकत्र आल्या. आज महेश्वरच्या घाटावर गेलेलं माणूस माग बघितल्याशिवाय आणि साडी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही, आणि साडी विणणारं घर त्याच गल्लीत असतं. आपल्या घाटातली गावं महेश्वरएवढी नामांकित नाहीत, त्यांच्याकडे किल्ला नाही. पण आपल्याकडे मंडळं आहेत. गणेशोत्सवाची, भजनी, ज्येष्ठ नागरिकांची, भिशीची. प्रत्येक मंडळ वर्षातून एकदा तरी बस करतंच. ही मंडळं एकमेकांशी बोलली आणि सगळ्यांनी एकाच रविवारी एकाच गावावर तुटून पडण्याऐवजी तारखा वाटून घेतल्या, तर जुलै ते ऑक्टोबर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात पंगत बसेल. गावातल्या घरांनी आपसात पाळी लावली आहेच, शहराकडून पाळी लागायची राहिली आहे.

गाव बिघडेल, मुलं शेती सोडून गाइड होतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणूनच महिन्यातून दोनपेक्षा जास्त बसगाड्या घ्यायच्या नाहीत असं त्या गटानं स्वतःच ठरवलंय. पेरणीच्या आठवड्यात तर एकही नाही. मी आग्रह केला होता, त्यांनी नकार दिला, आणि त्यांचंच बरोबर होतं.

यंदाची आमची सहल श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी आहे. आपला श्रावण हं, इथला सावन पंधरा दिवस आधी लागतो, गोंधळ नको. शनिवार मुद्दाम घेतला, सोमवारच्या ओंकारेश्वरच्या गर्दीत बस अडकायला नको म्हणून. ज्या मंडळांना आपली तारीख ठरवायची आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहा. गावातल्या गटाला विचारून मी कळवीन, परस्पर कुणीही जाऊ नका. येताना ताट, पेला, कोरडे कपडे, आणि कलाकंदासाठी झाकणाचा डबा. तो डबा रिकामाच आणायचा.