सफाई कामगारांचे कैवारी व्हा, तेही इस्त्री न मोडता

कंत्राटी सफाई कामगारांना न्याय मिळवून द्यायचाय? परवाच एका 'हक्क परिषदे'ची पत्रिका हातात पडली. तिच्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवा, एसी सभागृहात. साडेसहाला सफाई खात्याच्या चौकीवर हजेरी लावलेली बाई तेव्हा झाडूवर असते. बीट, म्हणजे झाडायला नेमून दिलेला रस्ता, सोडली तर खाडा. म्हणजे खुर्च्या पाहुण्यांना पुरतात.

मंचावर सात वक्ते. कामगार एकच, सत्कारापुरता.

जातीचं नाव काढू नका, वातावरण बिघडतं. त्यापेक्षा मेम्फिसचा १९६८ चा फोटो लावा. कचरागाडीच्या यंत्रात दोघे चिरडले गेल्यावर १३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले, 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन. वंशभेद सातासमुद्रापार असला की डोळे पटकन भरून येतात. आपल्या सोसायटीत कचरेवालीला लिफ्ट बंद, तो नियम वेगळा.

कागदांच्या भानगडीत तर पडूच नका. त्यासाठी दुपारी दोननंतर चौकीबाहेर बसावं लागतं. हजेरीकार्डाची, पगारपावतीची झेरॉक्स काढावी लागते. कापलेले १२ टक्के पीएफ खात्यात पडले का, हे प्रत्येकीचं पासबुक उघडून महिन्यागणिक बघावं लागतं. नाव आधारवर एक, पीएफवर दुसरं, हजेरीपटावर तिसरं. ते आज जुळवलं नाही तर निकाल बाजूनं लागूनही बाई दाराबाहेर. मुंबईत झालंय हे! २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २७०० कंत्राटी कामगार कायम नोकरीचा हक्क जिंकले आणि त्यातले कितीतरी नावातल्या एका अक्षरावर लटकले. कंत्राटदार बदलतो, बाई तीच, बीट तीच, पण कागदावर दर वेळी नवी. हक्क सांगायला वर्षात २४० दिवस भरल्याचं दाखवायचं कशानं, तुमच्या सेल्फीनं? माहिती अधिकारात निविदेची प्रत काढली तर मजुरीचा दर आणि माणसांचा आकडा कळतो, हातातल्या पगाराशी ताडून बघता येतो. पण त्यात फोटो कुठे येतो!

गटारात कोणी मेलं की मेणबत्त्या लावा. पोलीस 'अकस्मात मृत्यू' लिहितात, लिहू द्या. हातानं मैला साफ करवून घ्यायला बंदी करणारा २०१३ चा कायदा लावा म्हणून पोलीस ठाण्यात रात्र कोण काढणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानं भरपाई ३० लाख झालीय, हे बायकोला कळायच्या आत कंत्राटदार तिचा अंगठा घेऊन जातो.

पुरे झाला उपरोध. लाजा वाटत नाहीत? ज्यांच्या नावानं परिषद, त्यांना वेळ तरी विचारलीत? चौकी सभागृहापासून पाच मिनिटांवर असते. ती शाल, तो नारळ परत न्या. झेरॉक्सचे पैसे द्या आणि मागच्या रांगेत गप्प बसा.