'दोन खुर्च्या, दोन माईक' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. सेलिब्रिटींच्या अनौपचारिक गप्पांच्या कार्यक्रमांवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया आली: 'लेखकराव, किती भारावून जाल? दोन खुर्च्या, दोन माईक आणि तोंडाचा पट्टा, एवढ्यावर कोणीही असा कार्यक्रम काढेल. पाहुणे सिनेमा लागायच्या आठवड्यातच उगवतात, मुलाखत घेणारा त्यांचा दोस्तच असतो, भाग दोन-दोन तासांचे आणि मथळे सनसनाटी. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकून मोठ्या झालेल्या नाशिककरांना ही कुजबुज कशाला?'

मथळ्यांचं मान्य. 'ढसाढसा रडली' असं वर लिहायचं आणि आत फक्त डोळे पाणावलेले दाखवायचे, ही फसवणूकच आहे. पण 'लेखकराव' कशासाठी? मी लेखात तबस्सुम यांच्या 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'पासून सुरुवात केली, १९७२ ते १९९३ एवढा काळ दूरदर्शनवर चाललेल्या या कार्यक्रमाने पाहुण्याला घरच्यासारखं बोलतं करण्याची रीत कशी पाडली ते मांडलं. त्यावर आपलं एक अक्षर नाही. कुठल्या कार्यक्रमाचा कुठला भाग आवडला नाही, तेही नाही. मतभेदाला ना नाही, हेटाळणीला आहे.

आता ते वाक्य. मंचावरच्या मुलाखतींचा ध्वनी सांभाळणं आणि चित्रित मुलाखतींचं संकलन करणं हेच माझं नाशिकमधलं वर्षानुवर्षांचं काम, त्यामुळे 'दोन माईक' हे शब्द मला सोडून देता येत नाहीत.

दोन माईक उघडे असले की पाहुण्याचा आवाज त्याच्या माईकमध्ये आधी आणि समोरच्याच्या माईकमध्ये किंचित उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र झाले की आवाज पोकळ, डब्यात बोलल्यासारखा येतो. म्हणून तोंड ते माईक जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवावं लागतं आणि दोघांचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावा लागतो. कॉलर माईक लावायचा तर हनुवटीखाली वीतभर. तिथे सिल्कची साडी किंवा गळ्यातला दागिना घासला की खरखर येते, आणि शब्दावर बसलेली खरखर नंतर धड निघत नाही. बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे आवाज फाटतो त्या शून्याच्या बरीच खाली ठेवतात, कारण गप्पांमध्ये माणूस मोठ्याने हसतो. ते हसू फाटलं तर भागातला सगळ्यात चांगला क्षण वाया जातो. एसी बंद, खाली सतरंजी, आणि रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज वेगळा टिपून ठेवायचा, म्हणजे कापलेल्या जागा भरता येतात.

आणि खुर्च्या! चाकाच्या किंवा करकरणाऱ्या चालत नाहीत. अगदी समोरासमोर मांडल्या की चौकशी चालल्यासारखं वाटतं, म्हणून थोड्या तिरक्या. एक कॅमेरा दोघांवर, बाकीचे दोन एकेकावर, आणि तिन्ही एकाच बाजूला. एखादा दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपलीकडे गेला तर दोघं एकाच दिशेला बघत बोलतायत असं दिसतं. भिंतीवरचं घड्याळ पाहुण्याच्या नजरेतून काढायचं. 'सुरू करूया' न म्हणता चहा येतानाच रेकॉर्डिंग सुरू करायचं, कारण ते दोन शब्द ऐकले की माणूस सावरून बसतो आणि पाठ असलेले किस्से सांगायला लागतो.

त्यानंतर 'तोंडाचा पट्टा'. चांगला मुलाखतकार 'हं, हं' करत नाही, मान हलवतो, कारण प्रत्येक हुंकार पाहुण्याच्या वाक्यावर बसतो. तो एका वाक्यात दोन प्रश्न कोंबत नाही, नाहीतर पाहुणा सोपा तेवढा उचलतो. उत्तर संपल्यावर तो तीन-चार सेकंद गप्प राहतो. खरं बोलणं बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं. नवखे तिथेच घाबरून पुढचा प्रश्न टाकतात. कोणीही करेल म्हणता? करून बघा.

व्याख्यानमालेचा दाखला इथे लागू पडत नाही. यशवंतराव महाराज पटांगणावर वक्ता विषय मांडतो, हजार कान एकाच वेळी त्याच्याकडे असतात. तुलना करायचीच तर प्रकट मुलाखतीशी करा. तिथे पाहुणा मुलाखतकाराकडे नाही, प्रेक्षकांकडे बघून बोलतो. हशा आला की तोच किस्सा वाढवतो. बंद खोलीत हशा नसतो, म्हणून तो सावकाश बोलतो, अडखळतो, आधीचं वाक्य मागे घेतो. मला याच गोष्टीसाठी हे कार्यक्रम मोलाचे वाटतात आणि लेख त्यासाठीच लिहिला होता.

दोस्तीचा मुद्दा मी टाळलाय असं आपल्याला वाटतं. मूळ लेखात तो आहे, पूर्ण वाचला असता तर दिसला असता. खोली जितकी घरगुती, तितका उलटप्रश्न विचारणं अवघड, आणि पाहुण्याचं भानही तितकंच सुटतं. 'कॉफी विथ करण'च्या जानेवारी २०१९ मधल्या भागात हार्दिक पंड्या स्त्रियांबद्दल जे बोलला, ते मुलाखतकाराने तिथल्या तिथे अडवलं नाही, चित्रीकरणानंतर संकलनात कापलंही नाही. बीसीसीआयने त्याला आणि के. एल. राहुलला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं, पुढे प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला, आणि तो भाग हॉटस्टारवरून काढावा लागला. या प्रकाराची खरी उणीव ही आहे. संकलनातही तीच अडचण: मधलं वाक्य कापून जोड लपवायला मुलाखतकाराचं हसरं तोंड लावतात, आणि ते हसू कधीकधी दुसऱ्याच प्रश्नावरचं असतं. बघणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. भाग जाण्याआधी पाहुण्याच्या माणसांना दाखवला असेल, तर तेवढं सुरुवातीला सांगायला हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

सिनेमाच्या आठवड्यात पाहुणे येतात, कारण तेव्हाच त्यांच्या तारखा मिळतात. दोन तास लांब वाटत असेल तर अर्ध्यावर बंद करा, कोणी अडवलेलं नाही.