टोकदार कान चालतात, मग रंग का नाही?

एका लेखात वाचलं. लेखकाचं म्हणणं असं की टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर बेतलेल्या अ‍ॅमेझॉनच्या ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेतल्या कृष्णवर्णीय एल्फवर चाहते चिडले ते मूळ पुस्तकावरच्या निष्ठेपोटी. आमच्या घोडबंदर रोडच्या घरी हाच वाद २०२२च्या गणपतीत रंगला होता. मालिका नुकतीच आलेली. पुतण्या हातात झांजा तशाच धरून म्हणतोय, “काका, एल्फ काळा कसा असेल?” म्हटलं, बाबा, हजारो वर्षं न मरणारा, टोकदार कानांचा प्राणी पटला ना तुला? शिवाय त्याच कथेतल्या हॉबिट या बुटक्या लोकांपैकी हारफूट जमातीचे हॉबिट इतरांपेक्षा सावळे असतात, हे खुद्द टॉल्किनने लिहिलंय. पठ्ठ्याने पुस्तक उघडलंच नव्हतं, नुसते सिनेमे पाहिलेले!

‘मानापमान’ नाटकात बालगंधर्वांची भामिनी बघून कुणी ‘संहितेत तर बाई आहे’ म्हणत तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

मालिका रटाळ आहे, हे मान्य. मला दुसऱ्याच भागात डुलकी लागली. मग तसं लिहा की! पण लोकांनी एकेक तारा देण्याचा असा सपाटा लावला की अ‍ॅमेझॉनला परीक्षणं ७२ तास रोखून धरावी लागली. ही कसली निष्ठा?

पुतण्याची सध्याची रिंगटोन म्हणजे त्याच मालिकेतल्या कृष्णवर्णीय राजकन्या डिसाचं गाणं. विषय काढला की खोलीत निघून जातो.